ला पाझचं मेर्कादो लान्सा: बोलिव्हियन जेवण इथेच खा, पण वेळ बघून

ला पाझला कुणी जाणार असेल आणि तिथलं खरं घरगुती जेवण कुठे मिळेल असं विचारत असेल तर माझं उत्तर एकच आहे, रेस्टॉरंट शोधत बसू नका, प्लासा सान फ्रान्सिस्कोपासून चालत दोन मिनिटांवर मेर्कादो लान्सा नावाची मंडई आहे, तिथे जा. बाहेरून बघून अजिबात आत जावंसं वाटणार नाही, नुसतं काँक्रीट, रॅम्पवर रॅम्प, कुठला मजला कुठे निघतो ते पहिल्या खेपेला कळतच नाही. पण आत प्रत्येक गोष्टीची रांग वेगळी आहे. ज्यूसवाल्यांची एक, आपी नावाचं गरम पेय विकणाऱ्यांची एक, सँडविचवाल्यांची एक, मग फुलं, भाजी, आणि जेवणाची वेगळीच. प्रत्येक गाळा म्हणजे जेमतेम एका बाईला बसता येईल एवढी जागा, तिच्या आजूबाजूला पातेली, पुढे टाइल्स लावलेला कट्टा आणि गिऱ्हाइकांना बसायला एक लाकडी बाकडं, त्यावर चार माणसं खांद्याला खांदा लावून जेवतात, पाचवा मागे उभा राहून वाट बघतो. मला ही जागा प्रचंड आवडली, आणि तिच्याबद्दल नीट लिहावंसं वाटलं कारण बोलिव्हियाचं जेवण बेचव असतं असं बऱ्याच ट्रॅव्हलवाल्यांनी लिहून ठेवलंय आणि ते चूक आहे.

ते असं का लिहितात तेही मला तिथे राहिल्यावर कळलं. बोलिव्हियात प्रत्येक पदार्थाला त्याची वेळ असते. सकाळी जे मिळतं ते दुपारी मिळत नाही, दुपारचं रात्री मिळत नाही. टुरिस्ट माणूस उठतो उशिरा, दिवसभर फिरतो आणि रात्री आठ वाजता भरपेट जेवायला निघतो, आणि त्या वेळेला तिथली सगळी चांगली पातेली धुऊन उपडी घातलेली असतात, उरतं ते तळलेलं चिकन आणि पिझ्झा. मग तो लिहितो की बोलिव्हियात खायला काही नाही. वेळ पाळली की चित्रच बदलतं.

सकाळची सुरुवात आपीने करा. ला पाझ समुद्रसपाटीपासून साधारण 3,600 मीटर उंचीवर आहे, सकाळी कडाक्याची थंडी असते, आणि आपी म्हणजे जांभळ्या मक्याच्या पिठाचं घट्ट गरम पेय, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि भरपूर साखर घालून उकळलेलं. रंग असा की बीट घातलंय की काय वाटावं पण तो सगळा मक्याचाच. पांढऱ्या मक्याची आपी पण असते आणि दोन्ही एकाच ग्लासात हवी असेल तर मिक्स मागायची, बाई दोन भांड्यांतून अशी ओतते की थोडा वेळ ग्लासात पांढरे-जांभळे पट्टे दिसतात. सोबत पास्तेल, म्हणजे हाताएवढी तळलेली पातळ पुरी, आत थोडं चीज, आणि वर पिठीसाखर. कढईत टाकल्यावर बाई पळीने तिच्यावर गरम तेल उडवत राहते त्याने ती टम्म फुगते, आणि फुगलेली असतानाच हातात देते. बहुतेक सगळी आत हवाच असते त्यामुळे जड होत नाही. गोड आणि खारट एकत्र लागतं ते काहींना चालत नाही, मला फार आवडलं. आपी संध्याकाळी पण मिळते, थंडी पडायला लागली की परत त्या रांगेत गर्दी होते.

मग दहा-साडेदहाला साल्तेन्या. हा मात्र मंडईपेक्षा साल्तेन्याच्या खास दुकानात खायचा पदार्थ, साल्तेन्येरिया म्हणतात, गल्लोगल्ली आहेत. वरून बघाल तर भाजलेली जाडसर करंजी, वरची शिवण वेणीसारखी घातलेली, पिवळसर केशरी रंगाची. पण आत रस्सा असतो, पातळ, गरम, खरा रस्सा. बीफ किंवा चिकन, बटाट्याचे तुकडे, मटार, उकडलेल्या अंड्याचा काप, एक ऑलिव्ह (बी सकट, त्यामुळे दात जपून), तिखट लाल मिरची, जिरं आणि थोडी साखर. आता कणकेच्या आत रस्सा भरायचा कसा, तर त्याची युक्ती अशी की सारणात जिलेटिन असतं, पूर्वी गाईचे पाय उकळून काढायचे, आणि ते सारण रात्रभर गार ठेवलं की वडीसारखं घट्ट होतं. घट्ट सारण पारीत भरायचं, कडा वळायच्या आणि एकदम कडक तापलेल्या भट्टीत घालायचं. आतलं वितळून परत रस्सा होईस्तोवर बाहेरची पारी भाजून कडक झालेली असते. वेळ थोडी जरी चुकली तरी फुटते. खाताना उभी धरायची, वरचं टोक चावून काढायचं, आतला रस्सा आधी पिऊन घ्यायचा आणि मग खाली खाली खात जायचं. शर्टावर एक थेंब न सांडता संपवणं ही तिथे अभिमानाची गोष्ट आहे, ऑफिसातली माणसं टाय घातलेला असताना सरळ उभ्याने खातात आणि काही सांडत नाही.

नाव अर्जेंटिनातल्या साल्ता गावावरून पडलंय. तिथून निर्वासित होऊन बोलिव्हियात आलेल्या कुटुंबातली हुआना मानुएला गोर्रिती, जी पुढे मोठी लेखिका झाली आणि जिचा नवरा बेल्सू बोलिव्हियाचा राष्ट्राध्यक्ष झाला, तिने पोटासाठी हे करून विकायला सुरुवात केली असं लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे पण तिथे प्रत्येक जण ही गोष्ट सांगतो.

साल्तेन्या दुपारी एक-दीडपर्यंत संपतात आणि संपायलाच हव्यात. सागार्नागा रस्त्यावरच्या एका कॅफेत, नाव घेत नाही, संध्याकाळी पाच वाजता मेन्यूवर साल्तेन्या दिसली म्हणून मागवली तर मायक्रोवेव्हमधून आली, पारी लिबलिबीत, आतला रस्सा सगळा कणकेने शोषून घेतलेला, मधोमध अजून गार, आणि भाव सकाळच्या दुप्पट. हीच पहिली साल्तेन्या ज्याने खाल्ली असेल त्याला या पदार्थाचं काय कौतुक वाटणार. त्यामुळे दुपारनंतर कुठेही साल्तेन्या दिसली तरी घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट, आल्मुएर्सो, म्हणजे दुपारचं जेवण. बारा ते दोन. आधी सूप आणि मग सेगुंदो म्हणजे दुसरं ताट, बहुतेक ठिकाणी एवढं ठरलेलंच. मेन्यू कार्ड नाही, खडूने किंवा स्केचपेनने लिहिलेली पाटी किंवा तेही नाही, बाई तोंडाने सांगते. भाव गेल्या काही वर्षांत वाढलेत पण तरी टुरिस्ट हॉटेलात एका डिशला जेवढे द्याल त्याच्या निम्म्यापेक्षा कमीत इथे पोट भरून दोन कोर्स होतात.

आणि मराठी माणसाने तिथे सगळ्यात आधी खायचं ते सोपा दे मानी, शेंगदाण्याचं सूप. आपल्याकडे उपवासाला दाण्याची आमटी करतात ना, तीच आठवते पहिल्या घोटाला, पण करायची पद्धत एकदम वेगळी. आपण दाणे भाजून कूट करतो, तिथे कच्चे दाणे पाण्यात भिजवून गुळगुळीत वाटतात, त्यामुळे सूप पांढरट राहतं आणि भाजल्याचा वास नसतो, दुधासारखी मऊ चव येते. ते वाटण बीफच्या हाडांच्या स्टॉकमध्ये बराच वेळ उकळायचं आणि सारखं ढवळत राहायचं, नाहीतर उतू जातं आणि कच्चा वास राहतो. त्यात बटाटा, गाजर, मटार, थोडा पास्ता, वाढताना वर बारीक चिरलेली पार्सली आणि बटाट्याच्या तळलेल्या काड्या. काड्या पहिल्या दोन मिनिटांत कुरकुरीत असतात तोवर खायच्या. मी ज्या बाकड्यावर बसायचे तिथली बाई मोठ्या डावाने तळातून ढवळून वाढायची, वरवरचं कधीच नाही, कारण दाण्याचा गर खाली बसतो, आणि शेजारचा माणूस घाईत असला तरी ती ढवळल्याशिवाय डाव उचलायची नाही.

यात आपला खरा संबंध पण आहे. शेंगदाण्याचं मूळ गावच ते, दक्षिण बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेला उत्तर अर्जेंटिना, तिथे हजारो वर्षांपूर्वी शेंगदाणा माणसाने पहिल्यांदा लावला. बटाटा तर तितिकाका तलावाच्या परिसरातला. मिरचीचं पण एक मोठं माहेर बोलिव्हियाच. हे सगळं युरोपियन जहाजांमधून जगभर गेलं आणि आपल्याकडे पोचलं. साबुदाण्याच्या खिचडीत आपण जे घालतो, दाण्याचं कूट, बटाटा आणि मिरची, ते तिन्ही तिकडचे, आणि साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो तो पण दक्षिण अमेरिकेचाच. मला तिथे बसून हे सगळं त्या ताटात समोर दिसत होतं आणि खूप आपलं वाटलं.

कट्ट्यावर एका वाटीत याख्वा ठेवलेली असते, ही तिथली चटणी, आणि तिच्याशिवाय जेवण होत नाही. लोकोतो नावाची जाड, ढोबळ्या मिरचीसारखी दिसणारी पण सणसणीत तिखट मिरची, कापली की आत काळ्या बिया, टोमॅटो आणि किरकिन्या नावाचा उग्र वासाचा पाला. कोथिंबीर आवडत नसेल तर किरकिन्या अजिबात आवडणार नाही पण मला त्याचं व्यसन लागलं. हे बातानवर वाटतात, खाली सपाट दगड आणि वर अर्धचंद्राच्या आकाराचा जड दगड, दोन्ही टोकांना धरून तो डावीकडे उजवीकडे डुलवायचा, घासायचा नाही. मिक्सरमधली याख्वा फेसाळते आणि पाणचट होते, दगडावरची भरड राहते, एका घासात फरक कळतो. त्यामुळे गाळा निवडायचा तर आधी याख्वाची वाटी बघा, भरड असेल तर तिथेच बसा.

चुन्योबद्दल मात्र आधीच सांगते, पहिल्यांदा सगळ्यांनाच आवडेल असं नाही. ताटात काळे, सुरकुतलेले, छोट्या अक्रोडाएवढे गोळे दिसतील, ते बटाटेच आहेत. जून-जुलैमध्ये आल्टिप्लानोवर, म्हणजे त्या उंच पठारावर, रात्री पाणी गोठतं आणि दिवसा कडक ऊन असतं. बटाटे उघड्यावर पसरून ठेवतात, रात्री गोठतात, दिवसा सुटतात, असं काही दिवस झालं की पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात आणि वाळवतात. असा वाळलेला चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. इंका लोकांच्या आधीपासून हे चालू आहे. दुष्काळ पडो, पीक जावो, घरात चुन्यो असला की माणूस जगतो, एवढं त्याचं महत्त्व. वाहत्या पाण्यात ठेवून केलेला पांढरा प्रकार म्हणजे तुन्ता, तो चवीला सौम्य. चुन्यो मातकट लागतो, स्पंजसारखा चावला जातो, नुसता खाल्ला तर काही कळत नाही, पण चाइरो नावाच्या सुपात, वाळवलेल्या मटणाबरोबर आणि गव्हाबरोबर शिजलेला असला की तोच चुन्यो सगळा रस ओढून घेतो आणि मग मजा येते. एकदा खाऊन सोडून देऊ नका, चाइरोतून खा आणि मग ठरवा.

आता त्या बायकांबद्दल, कारण जेवणाएवढंच महत्त्वाचं ते. मंडईत बहुतेक सगळे गाळे बायकांचे, आणि बऱ्याच जणी आयमारा, म्हणजे तिथल्या मूळ समाजातल्या. डोक्यावर गोल बोलर हॅट, दोन लांब वेण्या, खाली पोयेरा म्हणजे चुण्यांचा घेरदार घागरा, आणि पाठीवर आग्वायो म्हणजे रंगीत पट्ट्यांचं कापड, त्यात बाळ असतं किंवा बटाटे असतात. यांना चोलिता म्हणतात. एकेकाळी पोयेरा नेसलेल्या बाईला चांगल्या हॉटेलात, काही सार्वजनिक जागांमध्ये येऊ देत नव्हते, आणि हे फार जुनं नाही, आजच्या आज्यांनी ते भोगलेलं आहे. 2006 मध्ये आयमारा समाजातलेच एव्हो मोरालेस राष्ट्राध्यक्ष झाले, 2009 च्या घटनेत स्पॅनिशबरोबर 36 मूळ भाषांना अधिकृत दर्जा मिळाला, आणि आज पोयेरा घातलेल्या बायका टीव्हीवर बातम्या देतात, संसदेत बसतात. मंडईत हा बदल डोळ्यांनी दिसतो, आईच्या गाळ्यावर मुलगी बसलेली असते, एका हाताने डाव आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर क्यूआरचे पैसे तपासत.

तुम्ही तिला कासेरिता म्हणायचं आणि ती पण तुम्हाला कासेरिताच म्हणते, पुरुष असेल तर कासेरितो, म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक किंवा नेहमीची दुकानवाली, दोघांना एकच शब्द. एकाच गाळ्यावर परत परत गेलात की यापा मिळायला लागतो, पैसे न घेता वर थोडंसं जास्त. ज्यूसवाली ग्लास भरून देते, तुम्ही अर्धा प्यालात की मिक्सरमध्ये उरलेला परत ओतते. मागायला हरकत नाही, "यापिता, कासेरिता" म्हटलं की हसून देतात. घासाघीस मात्र जेवणाच्या गाळ्यावर करू नका, तिथे ते बरं दिसत नाही. फोटो काढायचा तर विचारून काढा, आणि तेही जेवण झाल्यावर विचारा, नुसता कॅमेरा काढलेला त्यांना आवडत नाही आणि ते बरोबरच आहे. आणि कुणी पेल्यातले पहिले थेंब जमिनीवर सांडताना दिसलं तर दचकू नका, ते पाचामामाला, धरणीमातेला आधी देणं आहे, या रीतीला "चाया" म्हणतात. ऑगस्ट तिचा महिना, तेव्हा जवळच्या लिनारेस रस्त्यावरच्या जादूटोण्याच्या बाजारात पूजेच्या सामानाला तुफान गर्दी असते.

उंचीचा विचार करूनच खा हे कळकळीने सांगते. एवढ्या उंचीवर पाणी साधारण 88 अंशांनाच उकळतं, म्हणून कडधान्यं, मांस तासन्‌तास शिजवावं लागतं, मंडईत प्रेशर कुकरच्या शिट्या सतत चालू असतात. आणि आपलं पोट पण तिथे हळू चालतं. "कमी खा, सावकाश चाला, एकटे झोपा" असं तिथले लोक नवीन माणसाला सांगतात. दुपारचं जेवण मोठं आणि रात्रीचं नावाला, ही त्यांची पद्धत शरीराला बरोबर जुळते. पहिल्या दिवशी फक्त सूप घ्या, कोकाच्या पानांचा चहा प्या (पानं भारतात परत आणू नका, बेकायदा आहे), सेगुंदोचा नाद दुसऱ्या दिवशी.

जेवण जिरवायला केबल कारने एल आल्तोला, म्हणजे ला पाझच्या वर पठारावर असलेल्या शेजारच्या शहरात जा. "मी तेलेफेरिको" नावाची तिथली शहरी केबल कार 2014 मध्ये सुरू झाली, आम्ही गेलो तेव्हा एका लाइनचं तिकीट 3 बोलिव्हियानो होतं. गुरुवार किंवा रविवार असेल तर वर 16 दे हुलियोचा बाजार भरतो, जुन्या गाडीच्या पार्टपासून जिवंत कोंबडीपर्यंत सगळं, आणि तिथलं खाणं मंडईपेक्षा पण स्वस्त. पण 4,000 मीटरच्या वर आहे, दमाने चाला.

रात्री भूक लागलीच तर आन्तिकुचो, गाईच्या हृदयाचे पातळ काप सळईवर खोवून जोरदार जाळावर भाजलेले, टोकाला एक उकडलेला बटाटा आणि वर शेंगदाण्याची तिखट चटणी. रस्त्याच्या कोपऱ्यावर जाळ उसळलेला लांबून दिसतो.

भारी रेस्टॉरंट हवंच असेल तर गुस्तू आहे, डेन्मार्कच्या क्लाउस मायरने 2013 मध्ये उघडलेलं, सगळं सामान फक्त बोलिव्हियाचं वापरायचं असा त्यांचा नियम, मार्सिया ताहा नावाच्या बोलिव्हियन शेफने तिथेच नाव कमावलं. त्या जागेने देशातल्या पिकांकडे जगाचं लक्ष वेधलं हे खरंच मोठं काम आहे. तरीही एकाच जेवणाचा वेळ असेल तर मी मंडईचं बाकडंच निवडेन.

कमी गुण कशाला द्यायचे तर स्वच्छतेला. भांडी एकाच बादलीत विसळतात काही ठिकाणी, सगळीकडे नाही. ज्या गाळ्यावर गर्दी आहे आणि पातेलं वाफाळतंय तिथेच खा, कच्चं सॅलड पहिले काही दिवस नको, ज्यूस दुधात किंवा बिनपाण्याचा मागा. टॉयलेटला सुटी नाणी लागतात. आणि सुटे पैसे सगळ्याच गोष्टींना लागतात, शंभरची नोट काढलीत की बाईचा चेहरा पडतो आणि ती शेजारच्या चार गाळ्यांवर सुटे मागत फिरते, तोवर तुमच्या मागचे थांबून राहतात. रविवारी बरेच गाळे बंद असतात.

शाकाहारी लोकांसाठी वेगळं लिहिते कारण सगळे तेच विचारतात. सुपांचा स्टॉक जवळपास नेहमी हाडांचा असतो, "मांसाचे तुकडे काढून देते" असं बाई प्रेमाने म्हणेल, त्यावर जाऊ नका. पण उपाशी राहायची वेळ येत नाही. प्लातो पासेन्यो मागा, ला पाझचं स्वतःचं ताट आहे, उकडलेलं मोठ्या दाण्याचं मक्याचं कणीस, सालासकट उकडलेले बटाटे, हाबास म्हणजे वालापेक्षा मोठे हिरवे दाणे, आणि तव्यावर तांबूस तळलेल्या चीजचा जाड काप, वर याख्वा. काही ठिकाणी यात मांस घालतात, म्हणून "सिन कार्ने" सांगायचं. कणसाचे दाणे आपल्या मक्यासारखे गोड नसतात, पिठूळ आणि मोठे असतात, चीज खारट, दोन्ही एका घासात घ्यायचं. उमिन्ता पण शाकाहारी, ओल्या मक्याचं वाटण चीज आणि बडीशेपेसारखा वास असलेला आनिस घालून कणसाच्या पानात बांधून वाफवतात किंवा भट्टीत भाजतात, फक्त काही जणी त्यात डुकराची चरबी घालतात, तेव्हा "मान्तेका" आहे का विचारून घ्या. पेस्के म्हणजे दुधातला मऊ किनवा, वर चीज, तो सकाळी लवकर मिळतो आणि लगेच संपतो. जैन लोकांचं मात्र कठीण आहे, बटाट्याच्या माहेरी बटाटा टाळणं जमत नाही, त्यांनी आपी, पास्तेल, उमिन्ता आणि ज्यूसच्या रांगेवर भर द्यावा, आणि सोबत घरचे खाकरे न्यावेत.